पेन्सिलीची नोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं निमगाव सावा हे माझं गाव. आमच्याकडे सोसायटीचं पीककर्ज काढायचं असो की ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करायचा असो, पहिला कागद लागे तो सात-बाराचा उतारा. पूर्वी तलाठी भाऊसाहेब तो हातानं लिहून देत. माझे वडील उतारा मागताना एक प्रश्न हमखास विचारत, "भाऊसाहेब, नोंद शाईची झाली, का अजून पेन्सिलच आहे?"

लहानपणी मला या प्रश्नाची गंमत वाटे. अर्थ पुढे कळला. जमिनीची खरेदी झाली, वारस लागले किंवा बँकेचा बोजा चढला, की आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद होते. संबंधितांना नोटिसा जातात. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत नसेल तर मंडल अधिकारी, म्हणजे आपले सर्कल, नोंद प्रमाणित करतात आणि मग ती सात-बारावर पक्की होते. हातानं लिहिण्याच्या काळात या मधल्या दिवसांत सात-बारावर फेरफाराचा नंबर पेन्सिलीनं टाकून ठेवत आणि नोंद प्रमाणित झाली की शाईनं लिहीत. आता समजा, नेमका या मधल्या दिवसांत कोणी उतारा मागायला आला, तर त्याला काय द्यायचं? शाईचं तेवढंच, की पेन्सिलीचंही? आणि भावाभावांत तोंडी वाटप झालंय, मधे बांधही पडलाय, पण चावडीवर त्याचा पत्ताच नाही, त्याचं काय?

श्रोतेहो, मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. आणि गंमत अशी, की वडिलांचा तो पेन्सिलीचा प्रश्न माझ्या धंद्यातही तसाच्या तसा उभा राहतो. आज त्याविषयीच बोलणार आहे.

प्रोग्रॅम म्हणजे शेवटी माणसानं लिहिलेला मजकूर. त्याला सोर्स कोड म्हणतात. मोठ्या प्रोग्रॅमच्या अशा शेकडो, हजारो फाइली असतात आणि अनेक माणसं त्यांत रोज बदल करत असतात. कोणी, कधी, काय बदललं याचा हिशेब राहावा म्हणून एक नोंदवही ठेवावी लागते. सध्या सगळ्यात जास्त वापरात असलेली अशी नोंदवही म्हणजे गिट. लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स यानं ती एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली. केलेला बदल या वहीत पक्का नोंदवणं याला कमिट करणं म्हणतात. प्रत्येक कमिटला स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक असतो आणि नोंदवणाऱ्याचं नाव व वेळ असते. थोडक्यात, तो प्रमाणित झालेला फेरफार.

पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर फक्त कमिट झालेलंच असतं असं नाही. वहीला ठाऊक असलेल्या एखाद्या फाइलीत त्यानं सकाळी दोन ओळी बदललेल्या असतात, पण कमिट करायच्या राहिलेल्या असतात. ही पेन्सिलीची नोंद. एखादी संपूर्ण नवी फाइल त्यानं लिहिलेली असते, पण ती अजून वहीला दाखवलेलीच नसते. हे तोंडी वाटप. वहिवाट सुरू झालेली, दप्तरी काही नाही. याशिवाय तात्पुरत्या, आपोआप तयार होणाऱ्या फाइली असतात. त्यांची एक वेगळी यादी करून 'यांच्याकडे लक्ष देऊ नकोस' असं गिटला सांगून ठेवता येतं.

आता हा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला द्यायचा, तर सगळ्या फाइली एकत्र बांधून, त्यावर आवृत्तीचा क्रमांक घालून पाठवाव्या लागतात. याला म्हणायचं पॅकेज. ते बांधण्यासाठी तयार साधनं मिळतात. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमचा उतारा. घेणारा आपल्या संगणकावर डोकावून पाहू शकत नाही. त्याच्या दृष्टीनं हातात आलेला उतारा हेच सत्य.

हे किती महागात पडू शकतं, ते मी माझ्याच चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दुधाची फॅट आणि एसएनएफ पाहून लिटरचा दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी दुधाच्या पगाराचं बिल छापायचं, एवढंच त्याचं काम. एकदा दर लिटरमागे दोन रुपयांनी वाढला. मी दरपत्रकाची फाइल बदलली, माझ्या संगणकावर चार-पाच बिलं काढून पाहिली, बरोबर आली. संध्याकाळी पॅकेज बांधलं, नवा आवृत्ती क्रमांक घातला आणि केंद्रांवर पाठवून दिलं. माझं साधन फक्त कमिट झालेलं घेणारं होतं, आणि दरपत्रक कमिट करायचं मी विसरलो होतो. साधनानं चकार शब्द काढला नाही. क्रमांक नवा, आत दर जुना. दहा दिवसांनी बिलं निघाली. दिवसाला तीस लिटर दूध घालणाऱ्याच्या हातात सहाशे रुपये कमी आले. एका केंद्रावर म्हातारबाबा मला म्हणाले, "बाळा, मशिन खोटं बोलतंय, का तू?" फरक पुढच्या पगारात दिला गेला, पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या टेबलावर मशिन खरं बोलत होतं.

या धसक्यानं मी पुढच्या वेळी उलटी चूक केली. म्हटलं, काही राहायलाच नको, अख्खं फोल्डरच बांधू. दरपत्रक गेलं, पण त्याबरोबर एक भलतीच फाइल गेली. चाचणीसाठी मी एका केंद्राच्या सभासदांची खरी यादी, बँक खात्यांच्या क्रमांकांसह, त्या फोल्डरमध्ये आणून ठेवली होती. ती वहीत नोंदलेली नव्हती, दुर्लक्ष करायच्या यादीतही नव्हती. एका केंद्राच्या लोकांची खाती दुसऱ्या चार केंद्रांवर पोचली. दुसऱ्याच दिवशी मी प्रत्येक केंद्रावर जाऊन ती फाइल पुसली. कुणाचं नुकसान झालं नाही, यात माझं शहाणपण काही नाही.

पहिल्यांदा हवं ते राहून गेलं आणि दुसऱ्यांदा नको ते गेलं. जगभरातली साधनंही साधारण याच दोन तऱ्हांची आहेत.

गिटबरोबरच मिळणारी 'गिट आर्काइव्ह' ही आज्ञा पहिल्या तऱ्हेची. ती सांगितलेल्या कमिटमध्ये जे आहे तेवढंच बांधते. पेन्सिलीचं आणि तोंडी ती घेत नाही, आणि घेतलं नाही असं सांगतही नाही. याचा मोठा फायदा आहे. उद्या कुणीही तोच कमिट घेऊन पॅकेज बांधलं तर आतल्या फाइली त्याच येतील. दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण म्हणजे जावास्क्रिप्टच्या दुनियेतलं एनपीएम. काय घ्यायचं किंवा काय वगळायचं याची यादी दिली असेल तर ते ती पाळतं, पण एरवी फोल्डरमध्ये जे दिसेल ते उचलतं. ते वहीत कमिट झालंय का, हे प्रसिद्ध करताना विचारत नाही. याचाही फायदा आहे. लिहिणाऱ्यानं जे चालवून पाहिलं तेच बाहेर जातं.

या दोन पक्षांचे लोक एकमेकांशी तावातावानं वाद घालतात. एक म्हणतो, शाईचंच खरं. दुसरा म्हणतो, जमिनीवर बांध दिसतोय तोच खरा. माझ्या मते दोघांच्याही मधे एक गोष्ट निसटते. राहून गेलेला बदल मुद्दाम ठेवलाय की विसरलाय, हे साधनाला कळायला मार्गच नाही. ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तो तर त्या क्षणी समोरच बसलेला असतो. मग साधनानं त्याला विचारावं. परस्पर घ्यायचंही नाही आणि परस्पर टाकायचंही नाही. मला ज्या गोष्टीचा त्रास झाला ती म्हणजे साधनाची मुकाट्यानं काम उरकण्याची सवय.

असं थांबून विचारणारी साधनं आहेत. रस्ट या भाषेचं कार्गो हे साधन घ्या. पॅकेजात जाऊ पाहणारी एखादी फाइल कमिट झालेली नसेल, मग ती पेन्सिलीची असो की तोंडी, तर ते फाइलींची नावं दाखवून काम थांबवतं. 'असू दे, तरीही बांध' असं स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. एरवी कोणत्या कमिटवरून बांधलं, याची चिठ्ठीही ते पॅकेजात ठेवतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींचं गिट-बिल्डपॅकेज हे साधनही कमिट न केलेले बदल दिसले की अडून बसतं. अडून बसणारं साधन घाईच्या वेळी चीड आणतं खरं. पण सर्कलची सही नसताना उतारा देणार नाही म्हणणाऱ्या भाऊसाहेबांवरही आपण चिडतोच, आणि दहा वर्षांनी कोर्टात उभं राहायची वेळ आली की त्यांचेच आभार मानतो.

यातला पेन्सिलीचा भाग त्या मानानं सोपा आहे. वहीला ती फाइल ठाऊक आहे, बदल झालाय हेही ठाऊक आहे. खरी अडचण तोंडी वाटपाची. वहीला न दाखवलेली फाइल नवं दरपत्रक असू शकते, सभासदांची यादी असू शकते किंवा संपादकानं मागे सोडलेला कचरा असू शकतो. इथे मी एक नियम पाळायला लागलो. फोल्डरमधली प्रत्येक फाइल दोनपैकी एका यादीत असलीच पाहिजे. एक तर ती वहीत नोंदलेली हवी, नाही तर दुर्लक्ष करायच्या यादीत नाव घालून सोडलेली हवी. दोन्हींत नसलेली एक जरी फाइल सापडली, तर पॅकेज बांधायचं नाही. याचा अर्थ 'हे नको' हाही एक निर्णय आहे आणि तोही लिहून ठेवायचा. माझी सभासदांची यादी या नियमात पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चाचणी करणाऱ्या मित्राला अर्ध्या तासात काहीतरी पाठवायचं असतं, प्रत्येक वेळी कमिट कुठे करत बसायचं? बरोबर आहे. अडवणूक इतकी असू नये की माणसानं साधनच बाजूला ठेवून हातानं गठडी बांधावी. तेव्हा वाट मोकळी ठेवावी, पण पॅकेजावर शिक्का मारावा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, बांधताना याची सोय आहे. कमिट न केलेले बदल असताना तो बांधला, तर आवृत्तीच्या क्रमांकापुढे 'डर्टी', म्हणजे मळका, असा शब्द लावला जातो. यात शिवी काही नाही. वापरणाऱ्याला एवढंच कळतं, की या क्रमांकाचं जे वहीत आहे ते आणि हे तंतोतंत एक नाही.

आणखी एक जुनी, साधी युक्ती आहे. सी भाषेतल्या अनेक प्रकल्पांत 'मेक डिस्टचेक' अशी आज्ञा असते. ती पॅकेज बांधते, मग ते वेगळ्या जागी उघडून, तिथे पहिल्यापासून प्रोग्रॅम तयार करून चाचण्या घेते. आपल्या घरातला डबा शेजारच्या घरात उघडून जेवून पाहण्यासारखं. एखादी फाइल बांधायची राहिली असेल तर इथे लगेच समजतं.

मग वहीत नसलेलं काहीच पॅकेजात असू नये का? इतकं सरळ नाही. एक जवळचं उदाहरण देतो. संगणकावर मराठी वाचण्यासाठी 'लोहित' नावाचा मुक्त फॉन्ट आहे. रेड हॅट कंपनीनं तो खुला केला आणि तिच्या पुण्यातल्या मंडळींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. अशा फॉन्टची मूळ रेखाटनं असतात एका प्रकारच्या फाइलीत, आणि आपल्याला वापरायला लागते ती त्यांपासून तयार केलेली दुसरीच फाइल. सामान्य माणसाला तयार फाइलच हवी. प्रोग्रॅमांचंही असंच असतं. मूळ लिखाणापासून आपोआप तयार होणाऱ्या काही फाइली घेणाऱ्याच्या सोयीसाठी पॅकेजात घालायची पद्धत अनेक वर्षांपासून आहे. वहीत त्या नसतात, आणि त्यात गैर काही नाही. अट एवढीच, की त्या कशापासून आणि कशा तयार झाल्या हे लिहिलेलं हवं, म्हणजे कुणालाही त्या पुन्हा तयार करून ताडून पाहता येतील.

ही अट पाळली नाही तर काय होतं, ते २०२४ साली जगानं पाहिलं. फाइली दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं साधन लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर असतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की दुरून संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मुळाशी गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यानं जाहीर केलं, की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार ठेवलेलं आहे. दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून प्रकल्पात शिरलेल्या, 'जिया टॅन' हे नाव लावणाऱ्या व्यक्तीचं ते काम होतं. आता आपल्या विषयाचा भाग ऐका. चोरदाराचा ऐवज चाचणीच्या फाइलींत दडवून वहीत नोंदवलेला होता, पण तो जागा करणारी बदललेली फाइल वहीत नव्हतीच. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या पॅकेजात होती. ज्यांनी वही वाचली त्यांना ती दिसली नाही, आणि पॅकेजात वहीबाहेरच्या फाइली असायच्याच म्हणून कुणाला वावगंही वाटलं नाही. चोरी अर्ध्या वाटेत पकडली गेली, बहुतेक लोकांच्या नेहमीच्या संगणकांपर्यंत ती पोचली नव्हती. पण धडा राहिला. साधन कितीही चांगलं असो, लेखणी हातात असलेला माणूसच खोटा निघाला तर ते त्याला थांबवू शकत नाही. वही आणि उतारा यांतला फरक चारचौघांना काढून पाहता येणं, हा त्यावरचा खरा पहारा.

आमच्या तालुक्यात या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. लोकांना वाटतं, शास्त्रज्ञ तबकडीला डोळा लावून आकाश बघत असतील. तबकड्यांकडून येतात ते आकड्यांचे ढीग. त्यांतून आकाशाचं चित्र निघतं ते प्रोग्रॅम चालवल्यावर. या दुर्बिणीच्या नोंदींवर प्रक्रिया करणारा 'कॅप्चर' नावाचा प्रोग्रॅम शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केला आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला ठेवला. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं, त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. असा दावा पंधरा वर्षांनी कुणाला तपासायचा असेल, तर आकडे तेच हवेत आणि प्रोग्रॅमही तोच हवा. तेव्हाच्या संगणकावर कुणाची तरी एक ओळ पेन्सिलीतच राहिली असेल, तर तेच उत्तर पुन्हा का येत नाही, याचा उलगडा करायला कुणीच उरणार नाही.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे प्रोग्रॅम लिहितो? पण तुमच्या पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, दूध केंद्रावर कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम चालतोच. नवी आवृत्ती टाकायला माणूस येईल तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा. ही कोणत्या नोंदीवरून बांधली? आणि बांधताना काही बदल नोंदवायचे राहिले होते का? ज्याचं काम नीट आहे तो दोन्ही उत्तरं एका ओळीत देईल.

सात-बारानं स्वतःपुरतं हे कोडं सोडवलंय. १ मे २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीनं मिळू लागला, आणि २०२० नंतरच्या नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक छापलेला असतो. शिवाय एक छोटी ओळ असते, 'प्रलंबित फेरफार : नाही'. प्रलंबित काही असेल तर तेही तिथे कळतं. उतारा शाईचाच, पण पेन्सिलीचं अस्तित्व तो लपवत नाही. माझ्या दूध केंद्रांच्या प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर आता मी तशीच एक ओळ छापतो. 'नोंद न झालेले बदल : नाही'. ती ओळ साधन स्वतः तपासून लिहितं. मला ती हातानं लिहिता येत नाही, ही व्यवस्था मी मुद्दाम करून ठेवली आहे.